टॉवर हॅम्लेट्सचे दोन रंग

लंडनच्या पूर्व भागात टॉवर हॅम्लेट्स नावाचा बरो आहे. बरो म्हणजे स्वतःची कौन्सिल असलेला शहराचा एक भाग. कॅनरी व्हार्फचे काचेचे मनोरे आणि त्यांतल्या बड्या बँका याच हद्दीत; ब्रिटनमधली बांगलादेशी वंशाच्या लोकांची सर्वांत मोठी वस्तीही याच हद्दीत. मुलांमधली गरिबी दाखवणारे तिथले नकाशे इंटरनेटवर कोणालाही उघडता येतात. भागावर क्लिक केलं, की तिथली किती मुलं गरीब घरांत वाढताहेत आणि काही वर्षांत तो आकडा चढला की उतरला, हे समोर येतं. सरकारी खात्याच्या आकड्यांवरून रंगवलेला नकाशा उघडला, तर टॉवर हॅम्लेट्स गडद दिसतो, पण देशातला सर्वांत गडद नव्हे. तो मान ब्रॅडफर्ड, ओल्डम, बर्मिंगहॅम अशा उत्तरेकडच्या आणि मध्य इंग्लंडमधल्या शहरांकडे जातो. मग ‘एंड चाइल्ड पॉव्हर्टी’ या संस्थांच्या आघाडीसाठी लफबरो विद्यापीठाने तयार केलेले आकडे नकाशावर पाहावेत. तोच बरो वर्षानुवर्षं यादीच्या शिखरावर किंवा त्याला खेटून, आणि तिथली जवळपास निम्मी मुलं गरीब. वर्ष तेच, मुलं तीच.

फरक आहे तो घरभाड्याचा.

ब्रिटनमध्ये गरिबीची रेषा सापेक्ष असते. सगळ्या देशातली कुटुंबं उत्पन्नानुसार रांगेत उभी केली, तर बरोबर मध्यावरच्या कुटुंबाला जे मिळतं त्याच्या ६० टक्क्यांहून कमी मिळवणारं घर गरीब धरलं जातं. घरात माणसं किती, याप्रमाणे उत्पन्न जुळवून घेतात, कारण दोघांना पुरणारे पैसे पाच जणांना पुरत नाहीत. हा हिशेब दोन प्रकारे मांडतात. एक, घराचा खर्च वजा करण्याआधी; दुसरा, भाडं, गृहकर्जाचं व्याज, पाणीपट्टी वगैरे देऊन झाल्यावर हातात उरतं त्याचा. लंडनमध्ये पगार बरा मिळतो, पण भाडं छाती दडपवणारं. तिथलं कुटुंब पगाराच्या दिवशी रेषेच्या वर असतं आणि घरमालकाचे पैसे दिले की खाली येतं. ओल्डममध्ये भाडं त्या मानाने कमी, म्हणून तिथे दोन हिशेबांत इतकी तफावत पडत नाही.

मला विचाराल, तर दुसरा हिशेब खरा. मुलाचे बूट आणि दूध उरलेल्या पैशांतूनच येतात. मग सरकार स्थानिक पातळीवर पहिलाच हिशेब का देतं? त्यात कावा नाही. स्थानिक आकडे करांच्या आणि सरकारी मदतीच्या नोंदींतून काढले जातात. त्या नोंदींना उत्पन्न कळतं, प्रत्येक घराचं खासगी भाडं कळत नाही. लफबरोचे संशोधक या सरकारी आकड्यांना त्या त्या भागातल्या घरखर्चाच्या अंदाजाची जोड देतात. म्हणजे पहिला नकाशा जास्त पक्क्या नोंदींवर उभा आहे आणि दुसरा जास्त योग्य प्रश्नावर. भाडं वजा करून मोजलं, तर २०२३-२४ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे ४५ लाख मुलं, म्हणजे शंभरातली ३१, गरिबीत होती. त्यांतल्या दहापैकी सात मुलांच्या घरी किमान एक जण नोकरीधंदा करणारा होता. ‘आळशी लोकांची मुलं’ हा तिथल्या पबमध्ये ऐकू येणारा निवाडा या एका आकड्यापुढे टिकत नाही.

टॉवर हॅम्लेट्सचं नाव गरिबीच्या मोजणीत फार जुनं आहे. लिव्हरपूलमध्ये जन्मलेले जहाज कंपनीचे मालक चार्ल्स बूथ यांनी १८८६ मध्ये स्वतःच्या खर्चाने लंडनच्या गरिबीचा शोध घ्यायला सुरुवात केली. १८८७ मध्ये त्यांनी रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे पहिला निबंध वाचला, तो टॉवर हॅम्लेट्सच्या रहिवाशांवर होता. इतक्या लाखो लोकांची माहिती आणायची कुठून? त्यांनी नामी युक्ती काढली. १८७० च्या शिक्षण कायद्याने इंग्लंडमध्ये शाळामंडळं आली होती, आणि कोणती मुलं शाळेत येत नाहीत हे पाहायला मंडळाची माणसं घरोघर फिरत होती. कोणत्या गल्लीत कोणाच्या घरी किती मुलं, बाप काय करतो, काम मिळतं का, खोल्या किती, हे सगळं त्यांच्या वह्यांत आणि त्याहून जास्त डोक्यात होतं. बूथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माणसांना तासन्‌तास बसवून गल्लीगल्लीची माहिती उतरवून घेतली. मूल नसलेल्या घरांची स्थिती शेजारच्या लेकुरवाळ्या घरांवरून ताडली. लंडनच्या गरिबीचा पहिला मोठा नकाशा असा शाळकरी मुलांच्या नोंदींतून तयार झाला.

१८८९ मध्ये पूर्व लंडनचा नकाशा आला आणि पुढे सगळ्या शहराचा. दर गल्लीला सातांपैकी एक रंग. काळा सर्वांत खालच्या थरासाठी, मग गडद निळा, फिकट निळा, जांभळा, गुलाबी, लाल आणि श्रीमंतांसाठी पिवळा. लंडनची ३०.७ टक्के लोकसंख्या गरिबीत आहे, असा हिशेब निघाला. पूर्व लंडनमध्ये तो ३५ टक्के होता. पुढे १८९० च्या दशकाच्या शेवटी बूथच्या माणसांनी पोलिस शिपायांबरोबर गल्ल्या पायी तुडवून रंग दुरुस्त केले. हा नकाशा आज लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संकेतस्थळावर आजच्या नकाशावर अंथरलेला पाहता येतो. जुना थर पुसट करत गेलं, की खालून आजचा रस्ता वर येतो. तो उघडणाऱ्याने एक ध्यानात ठेवावं: लाल म्हणजे धोका, ही आपली आजची सवय तिथे उपयोगाची नाही. बूथच्या लाल गल्ल्या खाऊनपिऊन सुखी मध्यमवर्गाच्या आहेत.

काळ्या रंगाबद्दल मात्र बोललं पाहिजे. त्या गल्ल्यांतल्या लोकांचं वर्णन बूथने गरीब एवढंच केलं नाही, दुर्गुणी आणि अर्धे गुन्हेगार असंही केलं. मोजणी आणि निवाडा त्याच शाईने झाले. गल्लीत चार घरं भुरट्या चोरांची आणि तीस घरं गोदीत रोज काम शोधणाऱ्यांची असतील, तरी रंग एकच. आजचे नकाशे असली विशेषणं वापरत नाहीत, पण डाग लागतोच. एसेक्सच्या किनाऱ्यावर जेविक नावाचं गाव आहे. १९३० च्या दशकात लंडनकरांना सुट्टी घालवायला बांधलेल्या हलक्या बंगल्यांमध्ये पुढे लोक कायमचे राहू लागले. इंग्लंडच्या वंचिततेच्या सरकारी निर्देशांकात २०१०, २०१५, २०१९ आणि २०२५ अशा चारही वेळा या गावाचा एक भाग सर्वांत तळाला आला. दर वेळी पत्रकार कॅमेरे घेऊन पोचतात. उत्पन्न, रोजगार, आरोग्य, शिक्षण, गुन्हे, घर, परिसर अशा कसोट्यांवर तळाला आलेला हा दीड हजार माणसांचा तुकडा. तिथे सुखवस्तू माणूसही राहतो. उलट, वरच्या क्रमांकाच्या भागातही गरीब मूल असतं आणि त्याच्या घरापाशी कॅमेरा कधी जात नाही. निर्देशांक तयार करणारे हे स्वतः बजावून सांगतात. बातम्यांचे मथळे देणारे ऐकत नाहीत.

मुलांची गरिबी वेगळी मोजायची कशाला, असं कोणी विचारलं तर संशोधक सीबोम राउंट्री यांचं यॉर्क शहर दाखवता येईल. १८९९ मध्ये तिथली कामगार कुटुंबं घरोघर तपासताना त्यांना दिसलं, की कामगाराच्या आयुष्यात गरिबी तीनदा येते: लहानपणी, स्वतःची मुलं लहान असताना आणि म्हातारपणी. यांतल्या दोन वेळा मुलांशी बांधलेल्या आहेत. शहराच्या सरासरीत हे चक्र दिसत नाही.

आता हद्दीचा मुद्दा. क्लिक करता येणाऱ्या नकाशाची खरी कमाई इथे आहे. ब्रॅडफर्ड हा महानगर जिल्हा घ्या. मुलांच्या गरिबीत त्याचं नाव कायम वर असतं. पण १९७४ च्या फेररचनेत इल्कली हे माळरानाच्या कुशीतलं श्रीमंत गावही ब्रॅडफर्डच्या हद्दीत आलं. चहाची नामांकित दुकानं, दगडी बंगले, लीड्सला जाणारी लोकल. दुसरीकडे शहराच्या पोटातला मॅनिंगहॅमचा भाग, दाटीच्या चाळवजा ओळींचा. जिल्ह्याच्या पातळीवर दोघांना मिळून एक रंग. नकाशा जवळ ओढून प्रभागांच्या पातळीवर आलं, की त्या रंगाची शकलं होतात, आणि आकडा देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वर आणि कितीतरी खाली अशा दोन्ही दिशांना पळतो. आणखी आत, जनगणनेचे सरासरी दीड हजार वस्तीचे तुकडे. इंग्लंडमध्ये असे ३३ हजारांहून जास्त आहेत. त्या पातळीवर ‘ब्रॅडफर्ड गरीब आहे’ हे वाक्यच निरर्थक होतं.

मग सर्वांत बारीक पातळी सर्वांत खरी का? तसंही नाही. ब्रिटनमध्ये उत्पन्नाची मुख्य पाहणी काही हजार कुटुंबांची असते. तिच्यावरून देशाचा आकडा भरवशाचा मिळतो, प्रभागाचा मिळत नाही. तिथे सरकारी नोंदी आणि गणिती अंदाज कामाला येतात. तुकडा जितका लहान, तितका आकडा अस्थिर. पन्नास मुलांच्या वस्तीत तीन कुटुंबं बदलली, की रंग बदलतो. शिवाय फार लहान संख्या असेल तर कोणाचं घर ओळखू येऊ नये म्हणून आकडा झाकतात किंवा गोल करतात. त्यामुळे एका वर्षात एका प्रभागाचा रंग उजळला, तर लगेच नगरसेवकाचा सत्कार करायला धावू नये. तीन-चार वर्षांची रेघ पाहावी.

रंगांची वाटणीही तपासावी. बहुतेक नकाशे पाच-सहा छटा वापरतात. काही जण सगळे भाग क्रमाने लावून पाच सारखे गट पाडतात. काही जण १० टक्के, २० टक्के अशा सारख्या पायऱ्या करतात. आकडे तेच राहतात, चित्र बदलतं. पहिल्या पद्धतीत सगळा देश सुधारला तरी शेवटचा पाचवा हिस्सा कायम गडदच राहणार. दुसऱ्या पद्धतीत १९.९ टक्के आणि २०.१ टक्के वेगवेगळ्या रंगांत, तर २०.१ आणि २९.९ मात्र एका रंगात. नकाशाच्या कोपऱ्यातली रंगपट्टी कोणी वाचत नाही, आणि नकाशातली निम्मी फसगत तिथेच होते.

उरलेली निम्मी क्षेत्रफळात. स्कॉटलंडचा डोंगराळ हायलँड भाग नकाशावर प्रचंड जागा व्यापतो आणि तिथे माणसं विरळ. टॉवर हॅम्लेट्स नखाएवढा, आणि तिथे तीन लाखांहून जास्त वस्ती. डोळा मोठ्या रंगाकडे ओढला जातो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या ऑलिव्हर ओब्रायन आणि जेम्स चेशायर यांनी ‘डेटाशाइन’मध्ये जनगणनेचे नकाशे काढताना यावर साधा उपाय केला: पूर्ण भाग न रंगवता फक्त इमारती रंगवायच्या. शेतं, माळ, उद्यानं कोरी. ब्रिटिश संसदेचं ग्रंथालय दर मतदारसंघाला एकसारखा षटकोन देतं. देशाचा आकार वेडावाकडा होतो, पण ६५० मतदारसंघ बरोबरीने दिसतात. आणि तरीही टक्का आणि संख्या हा प्रश्न उरतोच. बर्मिंगहॅममध्ये गरीब मुलांची संख्या लाखाच्या वर जाते. लँकेशायरच्या एखाद्या छोट्या जिल्ह्यात टक्का तितकाच असेल, पण मुलं काही हजार. दुपारच्या जेवणाच्या थाळ्या किती लागतील, हे संख्येवरून ठरतं. कुठल्या शाळेत निम्मा वर्ग उपाशीपोटी बसतो, हे टक्क्यावरून.

लफबरोचे आकडे मतदारसंघांप्रमाणेही का देतात, याचं उत्तर राजकारणात आहे. खासदाराला देशाच्या ३१ टक्क्यांपेक्षा स्वतःच्या मतदारसंघातल्या मुलांचा आकडा जास्त टोचतो. ६ एप्रिल २०१७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या तिसऱ्या आणि पुढच्या मुलासाठी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणारी मदत ब्रिटनने थांबवली होती. मोठी कुटुंबं जिथे जास्त, तिथले रंग या नियमाने गडद केले, हे आघाडीने वर्षानुवर्षं मतदारसंघवार दाखवलं. जुलै २०२४ मध्ये या प्रश्नावर स्वतःच्या सरकारविरुद्ध मत दिलं म्हणून मजूर पक्षाने सात खासदारांना संसदीय पक्षातून निलंबित केलं. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याच सरकारने एप्रिल २०२६ पासून ही मर्यादा उठवण्याची घोषणा केली. नकाशामुळे हे झालं, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण ‘माझ्याकडे असं काही नाही’ हे उत्तर मात्र कोणत्याही खासदाराला देता येईना.

महाराष्ट्राचा नकाशा उघडला, की पहिल्यांदा जाणवतं ते हे, की आपल्याकडे मुलाच्या घरचं उत्पन्न जिल्ह्याप्रमाणे मोजलंच जात नाही. नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक पोषण, बालमृत्यू, शाळेतली हजेरी, स्वयंपाकाचं इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर, बँक खातं अशा १२ गोष्टींवर उभा आहे आणि तो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकड्यांतून निघतो. त्यात कुटुंब गरीब ठरलं की त्यातलं मूल गरीब. २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात महाराष्ट्राचा टक्का सुमारे १५ वरून ८ च्या खाली आला. याच मोजणीत सुरुवातीला नंदुरबार जिल्ह्यातली निम्म्याहून जास्त लोकसंख्या गरीब होती. राज्याचा फिकट रंग आणि नंदुरबारचा गडद रंग शेजारी ठेवले, की इल्कली आणि मॅनिंगहॅम आठवतात.

आणि हद्दीचा खेळ आपल्याकडे तर उघड झालेला आहे. १ जुलै १९९८ पूर्वी नंदुरबार हा जिल्हाच नव्हता. सातपुड्यातले अक्राणी आणि अक्कलकुवा तालुके धुळ्याच्या सरासरीत होते. आजही नंदुरबारच्या एका रंगात तापीकाठचा केळी-पपईचा शहादा आणि डोंगरातलं धडगाव एकत्र बसतात. पालघरचं उदाहरण जास्त बोलकं आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जव्हारमधल्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तेव्हा जव्हार आणि मोखाडा ठाणे जिल्ह्यात होते. त्याच जिल्ह्यात ठाणं, कल्याण, नवी मुंबई. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला, पण २०१५-१६ ची आरोग्य पाहणी २०११ च्या जनगणनेच्या ६४० जिल्ह्यांवर चालली, त्यामुळे तिच्या नकाशात पालघर नाही. पुढच्या पाहणीत ७०७ जिल्हे आले आणि पालघरला स्वतःचा रंग मिळाला. त्याआधी तिथली मुलं कमी कुपोषित नव्हती. ती ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या मुलांबरोबर मोजली जात होती. या दोन पाहण्यांतल्या ठाण्याची तुलना करून कोणी ‘ठाणे सुधारलं’ असं म्हणालं, तर आधी हद्द विचारावी.

मुंबईत तर अडचण आणखी मोठी. पाहणी दोन जिल्हे ओळखते, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. उपनगरात गोवंडी-मानखुर्दही येतं आणि जुहू-वांद्रंही. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात महापालिकेच्या २४ प्रभागांची तुलना झाली होती, तेव्हा गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व प्रभाग तळाला होता. उपनगराच्या एका रंगात तो आज शोधूनही सापडत नाही.

आपल्या नकाशांत आणखी एक कुटुंब बसत नाही. बीडचं ऊसतोड जोडपं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततं. बरोबर लहान मुलं असतात. नकाशा मुलाला एकच पत्ता देतो. ते मूल बीडच्या आकड्यात असलं तर कारखान्याच्या पट्ट्यातल्या शाळेला आणि अंगणवाडीला त्याची खबर नाही. तिकडे धरलं तर गावाला नाही.

माहिती नाही म्हणून हे होतं असं नाही. अंगणवाडी सेविकेला तिच्या वस्तीतलं प्रत्येक मूल नावाने ठाऊक असतं. वजन-उंची ती २०२१ पासून पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये भरतेही. पण ही माहिती वर जाते, गावकऱ्यांना बघता येईल अशा नकाशावर खाली येत नाही. ती आणताना काळजी मात्र हवी. आरोग्य पाहणीच्या माहितीत वस्तीची जागा मुद्दाम थोडी सरकवलेली असते, शहरात दोन किलोमीटरपर्यंत, खेड्यात बहुतेक वेळा पाचपर्यंत, म्हणजे कोणाच्या दारापर्यंत बोट पोचू नये. अंगणवाडीच्या पातळीवर कुपोषित मुलांचा ठिपक्यांचा नकाशा काढला, तर ते ठिपके गावात सगळ्यांना ओळखू येतील. ग्रामसभेला गावाचा आकडा पुरतो.

तालुक्याचा, प्रभागाचा टक्का काढायचा, तर छेदात एकूण मुलं किती, हे लागतं. तो छेद आजही बहुतेक ठिकाणी २०११ चा आहे. त्यानंतर वसई-विरार, पनवेल, हिंजवडी कुठल्या कुठे गेलं, आणि डोंगरातली काही गावं रिकामी झाली. नव्या जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी २०२५ च्या अखेरीस गोठवल्या. घरमोजणी २०२६ मध्ये आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. तिचे गावनिहाय आणि प्रभागनिहाय आकडे हाती येईपर्यंत, आपल्या तालुक्याचा टक्का दाखवणारा नकाशा कोणी पुढे केला, तर त्याला आधी विचारायचं, की भागिले काय.